घड्याळ फास्ट, दार फास्ट, गौस फास्ट

१

आण्णा पहारेकरी कचेरीच्या उंबऱ्यावर मरून पडला होता, आणि त्याच्याभोवती उभे राहून चार शहाणे कारकून आज सुट्टी मिळणार की नाही याची चर्चा करत होते.

पिराजीला पहिला राग आला तो याचा. त्यानं खांद्यावरचं उपरणं काढून आण्णाच्या तोंडावर घातलं आणि कारकुनांकडे असं पाहिलं की दोघे मुकाट्यानं मागे सरले. आण्णाचं डोकं पायरीच्या दगडावर आपटलेलं होतं. झाडणारी शालूबाई खांबाला टेकून रडत होती. सकाळी ती आली तेव्हा दार सताड उघडं होतं आणि म्हातारा थंडगार पडला होता, एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

ही तर्जुमा कचेरी, म्हणजे भाषांतराची. कोल्हापुरात महाराजांच्या राज्याला बारा वर्षं झाली होती. गोऱ्या साहेबांचे हुकूम इंग्रजीत यायचे, रयतेचे अर्ज मराठीत, आणि दोघांच्या मध्ये बसायची ही कचेरी. साहेब काय म्हणाला हे रयतेला हिनं सांगावं आणि रयत काय म्हणते हे साहेबाला. मध्ये बसणाऱ्याच्या हातात केवढी सत्ता असते, हे मात्र दोन्हीकडच्यांना कधी कळत नसे. पिराजी मुरगूडच्या शेतकऱ्याचा मुलगा. बोर्डिंगात राहून शिकलेला, दोन वर्षांपूर्वी इथे लागलेला. डोकं हुशार, पण तापट.

आत कागदांच्या कपाटाचं दार उघडं होतं. शाहूवाडीच्या झुंबरबाईची फाईल तेवढी गायब होती. बाकी कशालाही हात लागलेला नव्हता.

"एका अडाणी बाईच्या फायलीसाठी माणूस मारतात?" मुख्य तर्जुमानवीस सयाजीराव हळहळून म्हणाले. त्यांनी स्वतः आण्णाचे डोळे मिटले. पिराजीला त्या घटकेला ते फार मोठे वाटले, आणि ते साहजिक होतं. इंग्रजी त्याला सयाजीरावांनी शिकवलं होतं, एक कवडी न घेता. पिराजीची एक शब्दवही होती. नवा शब्द दिसला की तो त्यात उतरवून अर्थ लिहायचा, आणि सयाजीराव तांबड्या शाईनं तपासून खाली तारखेसह सही करायचे. त्यांना चूक खपत नसे. काना इकडचा तिकडे झाला तरी तांबडी रेघ आलीच.

त्याच दिवशी, शुक्रवारी, दुपारीही वही तपासली गेली. तलावांची मोजणी करणारे हॅलिडे साहेब सकाळच्या गाडीनं मुंबईला गेले होते, तिथून बोटीनं आफ्रिकेला. त्यांची रोजवही कचेरीत जमा झाली, आणि तिच्यातली गुरुवारची शेवटची ओळ पाहून पिराजीला गंमत वाटली.

"सिक्स बाय ऑफिस क्लॉक. क्लॉक फास्ट. डोअर फास्ट. गौस फास्ट, लेट हिम गो."

एकाच ओळीत एक शब्द तीनदा! त्यानं ती ओळ उतरवली आणि आपल्या अकलेनं अर्थ लिहिले. घड्याळ पुढे. दाराला कुलूप. गौसला रोजा. सयाजीरावांनी पहिल्याला आणि तिसऱ्याला बरोबरची खूण केली. दुसऱ्यावर तांबडी रेघ मारून सुबक अक्षरात लिहिलं, 'कुलूप नव्हे. आतून अडसर.' खाली सही आणि तारीख.

दुसऱ्या दिवशी शिपायांनी गौसला आण्णाच्या खुनाबद्दल धरून नेलं.

२

गौस घड्याळजी होता. दर गुरुवारी कचेरीच्या व्हरांड्यातल्या मोठ्या घड्याळाला चावी द्यायला येई, आणि त्या गुरुवारीही आला होता. चाळिशीचा, मितभाषी माणूस. आई इमामबीशिवाय त्याला कुणी नव्हतं.

सोमवारी कोर्टात पहिली साक्ष झाली कचेरीसमोर राहणाऱ्या बयाबाईची.

"गुरवारी मशिदीत रोजा सोडायचा नगारा वाजला, आन् त्याच टायमाला आण्णानं हाक मारली. 'आरं सोड!' म्हनून. मी म्हनलं, बसलं आसंल कुत्र्याशी भांडत."

त्या दिवशी नगारा सहाला वाजला होता. म्हणजे आण्णा सहाला मेला. त्या वेळी गौस कुठे होता? मशिदीत नगारा वाजवणारा मौला पुढे आला.

"माझ्या म्होरं बसलाता, सरकार. नगारा वाजवला आन् मीच त्येच्या हातावर खजूर ठिवला."

सरकारी वकील हसला. "आपल्या माणसाला वाचवायला आपला माणूस बोलणारच."

मौलाचा चेहरा लाल झाला. साठ वर्षांत त्याला कुणी खोटा म्हटलं नव्हतं, आणि इथे भर कोर्टात, हसत हसत, त्याची साठ वर्षं पुसून टाकली गेली. गोऱ्या साहेबाच्या एका ओळीला मात्र कुणी हसलं नाही. सयाजीराव उभे राहिले आणि त्यांनी रोजवहीचा तर्जुमा संथ आवाजात वाचला.

"कचेरीच्या घड्याळात सहा. घड्याळ घट्ट बसवलेले. दार झटकन लागले. गौस घाईत होता, त्यास जाऊ दिले."

कोर्टात कुजबुज उठली. सहा वाजता, नेमक्या सहा वाजता, दार आपटून घाईघाईनं निघालेला माणूस! आणखी काय पाहिजे? न्यायाधीशांनी जवळजवळ तीन आठवड्यांनंतरची निकालाची तारीख दिली.

"रोजा, सरकार!" गौस ओरडला. "घाई न्हवं, रोजा हुता मला! घड्याळ म्होरं हुतं!" शिपायानं त्याला दंडाला धरून ओढलं.

पिराजी मागच्या बाकावर बसला होता. त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ज्या माणसानं शुक्रवारी त्याच्या वहीत 'पुढे' आणि 'रोजा' यांवर बरोबरची खूण केली, त्यानंच सोमवारी 'घट्ट' आणि 'घाईत' वाचलं होतं. फास्ट म्हणजे पुढे गेलेलं, फास्ट म्हणजे जागचं न हलणारं, फास्ट म्हणजे वेगात, फास्ट म्हणजे उपास. सगळे अर्थ कोशातले. सयाजीरावांनी एकही अर्थ खोटा दिला नव्हता. फक्त ज्याचा त्याला न देता दुसऱ्याचा दिला होता.

पिराजीचे दात एकमेकांवर घट्ट बसले. पण तो उठला नाही.

३

संध्याकाळी त्यानं सयाजीरावांना गाठलं.

"रावसाहेब, शुक्रवारी आपण वेगळं—"

"शुक्रवारी खून कुणी केला ते माहीत नव्हतं," सयाजीराव शांतपणे म्हणाले. "शब्दाचा अर्थ संदर्भानं ठरतो, पिराजी. गौस खुनी म्हटल्यावर फास्ट म्हणजे घाईतच. तुला अजून इंग्रजी यायचं आहे. आणि नोकरीही कायम व्हायची आहे, नाही का?"

आधी माणूस खुनी ठरवायचा, मग त्यावरून शब्दाचा अर्थ लावायचा, आणि मग त्या अर्थावरून माणूस खुनी ठरवायचा! लहान पोरालाही हे खपलं नसतं. पिराजीला खपलं. खपवून घेतलं म्हणा. तो मान खाली घालून घरी गेला, आणि अठरा दिवस मान खाली घालूनच कचेरीत बसला.

अठराव्या दिवशी इमामबी त्याच्या खोलीच्या दारात उभी राहिली. ईद होऊन गेली होती. तिच्या अंगावर जुनंच लुगडं होतं.

"तुमास्नी विंग्रजी येतं म्हनं," ती म्हणाली. "येवढं सांगा मला. साहेबानं त्या दिवशी माझ्या गौसला बिस्कूट द्येऊ केलंतं. त्यो म्हनला, साहेब, रोजा हाय. साहेब म्हनला, मग जा घरी. येवढीच गोष्ट. ह्याच्यात घाई कुठनं आली?"

पिराजीनं घोंगडी पुढे सरकवली, ती बसली नाही.

"परवा निकाल हाय," इमामबी म्हणाली. "माझ्या पोराला फाशी देत्यात. माझा पोरगा मुंगीवर पाय द्येत न्हाय. ज्येनं त्या कागदात घाई घातली त्येच्या जिभंला किडं पडूंद्यात!"

ती गेल्यावर पिराजीनं भिंतीवर मूठ आपटली. हात सुजला. राग गौसला धरणाऱ्यांचा होता, सयाजीरावांचा होता, आणि त्याहून जास्त कुणाचा होता ते त्याला पक्कं ठाऊक होतं. सुजलेल्या हातानं टोपी घालून तो चावडीच्या कोठडीकडे निघाला. हातात दोनच दिवस होते.

४

गौस वाळला होता. तो भिंतीशी बसून बोलला.

"म्या आलो तवा दार बंद. वाटलं, कचेरी सुटली. घड्याळाकडं बघतोय तर अर्ध्या तासानं म्होरं! माझं घड्याळ कवा दोन मिंटं पुढंमागं जात न्हाय, पिराजीभाऊ. तेवढ्यात साहेब आला. त्येनं खिशातलं घड्याळ काढून बघितलं, म्हनला, युवर क्लॉक फास्ट. दार ढकललं, हाललं न्हाय. मग बिस्कूट दिलं. साहेब गेला, म्या काटं मागं घ्येऊन मशिदीत गेलो."

"म्हणजे साहेब आला तेव्हा खरे साडेपाच. घड्याळाची काच उघडायची चावी कुणाकडे असते?"

"एक माझ्याकडं. एक सयाजीरावांकडं."

पिराजी उठला. तरीही एकदम सयाजीरावांवर उडी मारायची त्याची तयारी नव्हती. आण्णाचं वाकडं आणखी एकाशी होतं. आकाराम कारकुनाला त्यानं दोन दिवस आधी चारचौघांत झापलं होतं, कचेरीचे कागद पुड्या बांधायला घरी नेतो म्हणून. पिराजीनं आकारामला त्याच्या गोठ्यात गाठलं.

"मी मारलं?" आकाराम उसळला. "आरं, समदी संगंच भाईर पडलो की आमी पाचला! सयाजीराव म्हनलं, व्हा म्होरं, खिडक्या लावून येतो. आण्णाला त्येनी पार दुसऱ्या पेठंत तंबाखू आणायला लावून दिलं. मी सरळ घरी आलो. विचार हिला."

आकारामची बायको म्हशीखालून म्हणाली, "आलं की. आन् चहा मागाया लागलं. मी म्हनलं, धार काढायच्या आधी दूध कुठलं? पाचाला मी धारंला बसती. त्या दिशी हे आलं तवा म्हशीला पेंडबी घातली न्हवती."

घड्याळ खोटं बोललं तरी म्हैस खोटं बोलत नाही. पाचला सुटलेले कारकून साडेचारलाच सुटले होते. कुणीतरी घड्याळ पुढे करून कचेरी रिकामी केली होती, आणि आण्णाला तंबाखूला पाठवून पहाराही उठवला होता. आकाराम मात्र सुटला. तो त्या वेळी गोठ्यात बायकोच्या शिव्या खात होता.

"सयाजीरावांना बाहेर पडताना पाहिलंस?"

आकारामनं कपाळ खाजवलं. "न्हाय बा," तो सावकाश म्हणाला.

५

पण सयाजीरावांसारख्या माणसाला झुंबरबाईच्या फायलीचं काय पडलं होतं? ते झुंबरबाईलाच विचारायला हवं होतं. ती निकाल ऐकायला शाहूवाडीहून आली होती आणि धर्मशाळेच्या ओट्यावर बसून होती. कपाळावर कुंकू नाही, आवाज मात्र खणखणीत.

"मी मारला म्हनत्यात का काय आता? म्हना! घर तर मोडलंच हाय, जीव तेवढा ऱ्हायलाय."

"कुणी मोडलं घर?"

"ह्या कागदानं." तिनं कनवटीतून घडी काढली. सयाजीरावांच्या सहीचा मराठी हुकूम होता. 'तलावाचे कामी झुंबरबाईचे घर तातडीने उठवावे.'

"लोकं आली, छप्पर वडून काढलं. भाताची कणगी चिखलात. आन् दोन म्हैन्यांनी तलाव मोजणारा साहेब सोता आला. मोकळी जागा बघितली आन् कपाळावर हात मारून घेतला. दुभाषा म्हनला, बाई, साहेब म्हंत्यात, तुमचं घर ऱ्हावं म्हनून मी लिवलंतं. इंग्रजीत. येत्या गुरवारी कोल्लापुरात जाऊन फाईल बघतो, तसा निरोप कचेरीला धाडलाय."

"तुमच्या जागेवर आता कोण आहे?"

"सयाजीरावांचा मेव्हना. वांगी लावल्यात त्येनं माझ्या चुलीच्या जाग्यावर."

पिराजीनं डोळे मिटले. साहेबानं काय लिहिलं असेल ते त्याला अक्षरन् अक्षर दिसलं. 'हाऊस शॅल स्टँड फास्ट.' घर जागचं हलवू नये. आणि सयाजीरावांनी फास्टला धरलं आणि केलं 'तातडीने'. एका शब्दाच्या दोन अंगांपैकी एकात घर उभं राहत होतं, दुसऱ्यात जमीनदोस्त होत होतं, आणि कोणतं निवडायचं ते हा माणूस खुर्चीत बसून ठरवत होता. एकदा जमलं म्हणून त्यानं दुसऱ्यांदा तेच केलं. पहिल्यांदा घर गेलं. आता गौसची मान होती.

"पावणं," झुंबरबाई म्हणाली, "तुमी त्यो कागद का चुरगळाय लागलायसा?"

"रागानं, आक्का," पिराजी म्हणाला.

पण राग म्हणजे पुरावा नव्हे. वहीतल्या तांबड्या खुणांनी एवढंच ठरलं असतं की सयाजीरावांनी तर्जुमा फिरवला. नजरचूक म्हणून त्यांनी माफी मागितली असती, आणि न्यायाधीशांनी म्हटलं असतं, ठीक, पण मग खून कुणी केला? गुरुवारी साडेपाचला त्या बंद दारामागे सयाजीरावच होते, हे कशानं ठरायचं?

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी तो कचेरीत गेला. शालूबाई झाडत होती.

"त्या सकाळी दाराचं कुलूप कुठं होतं?"

"खुंटीला. आण्णा संजच्याला लावायचा ते भाईरनं. त्या सकाळी खुंटीलाच हुतं."

"आणि दाराला आतून अडसर?"

"त्यो?" तिनं कोपऱ्यातल्या जाड दांडक्याकडे बोट केलं. "त्यो कोन लावतंय? आत झोपतंय का कोन? बोटभर धूळ आसती त्येच्यावर." ती थांबली. "त्या दिशी न्हवती बगा. मी म्हनलं, आण्णानं पुसला वाटतं."

"हे कुणाला सांगितलंस?"

"मला कोन इचारतंय?"

पिराजीनं पिशवीतून शब्दवही काढली. ते पान त्याला पाठ होतं, तरी त्यानं उघडून पाहिलं. तांबड्या शाईतल्या चार शब्दांवर त्याचं बोट थांबलं. इतके दिवस तो वरच्या आणि खालच्या खुणेकडे बघत जळत होता, आणि खरा खुनी मधल्या ओळीत बसला होता.

६

निकालाच्या दिवशी पिराजी मागच्या बाकावरून उठला आणि परवानगी न मागता पुढे गेला. शिपाई आडवा आला, त्याला त्यानं हातानं बाजूला सारलं.

"सरकार, मी तर्जुमा कचेरीतला पिराजी. ही वही वाचल्याशिवाय निकाल देऊ नका."

न्यायाधीश चिडखोर होते, पण चिडखोर माणसं वाचतात तरी. त्यांनी पान वाचलं आणि चष्म्यावरून सयाजीरावांकडे पाहिलं.

"हे अक्षर तुमचं?"

"माझंच," सयाजीराव म्हणाले. ते जराही डगमगले नाहीत. "मुलगा शिकतो आहे, मी तपासतो. घड्याळ आणि रोजा याबद्दल माझी गफलत झाली असेल, सरकार. म्हातारपण. मी शरमिंदा आहे."

"घड्याळाचं आणि रोज्याचं राहू द्या," पिराजी म्हणाला. त्याचा आवाज वाजवीपेक्षा मोठा झाला होता, पण त्याला पर्वा नव्हती. "मधली ओळ, सरकार. साहेबानं लिहिलं, डोअर फास्ट. दार बंद, एवढंच. मी लिहिलं, कुलूप. आण्णा रोज कुलूपच लावायचा, दुसरं कुणाच्या मनात येणार? रावसाहेबांनी ते खोडलं."

"कारण ते चूक होतं," सयाजीराव म्हणाले.

"अडसर कुणी वापरत नाही. बोटभर धूळ असते त्यावर. सकाळी दार सताड उघडं होतं. आदल्या संध्याकाळी ते कशानं बंद होतं हे बाहेरून साहेबाला दिसलं नाही, गौसला दिसलं नाही. मला नाही, शिपायांना नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं."

न्यायाधीशांनी कोश मागवला आणि पानं उलटली. "घट्ट. पक्के. बंद," त्यांनी वाचलं. "यात अडसर नाही, सयाजीराव. तुम्ही 'बंद' एवढं लिहून सोडू शकला असता. कुलूप का खोडलंत?"

इथे सयाजीरावांनी गप्प बसायला हवं होतं. पण चाळीस वर्षं दुसऱ्याच्या चुका खोडण्यात गेली होती, आणि पोरानं चारचौघांत आपल्याला दुरुस्त करावं हे त्यांच्या जिवाला झोंबलं.

"कुलूप म्हणजे सरळ चूक होती, सरकार! चुकीचं अक्षर मी कसं राहू देऊ? दाराला कुलूप नव्हतंच!"

"ते तुम्हाला कसं ठाऊक?"

सयाजीरावांचा डोक्याला बांधलेला पांढरास्वच्छ रुमाल कपाळावरून खाली सरकला, तो सावरायचं त्यांना भान राहिलं नाही.

"तुम्ही आत होता म्हणून!" पिराजी ओरडला. "घड्याळ पुढे करून सगळ्यांना घालवलंत. म्हाताऱ्याला तंबाखूला पाठवलंत. साहेब दार ढकलून गेला तेव्हा अडसर लावून आत फाईल हुडकत होता! सहाला आण्णा परत आला, तुम्ही अडसर काढलात, तुम्हाला वाटलं तंबाखू घेऊन गुमान बसेल. त्यानं तुमच्या हातातली फाईल बघितली आणि धरली. 'आरं सोड' म्हणाला, सरकार! तो चोराला म्हणत होता, कागद सोड! एका विधवेच्या घराचा कागद होता तो. चार बुकं न शिकलेल्या म्हाताऱ्याला त्याची किंमत कळली, आणि तुम्ही त्याला दगडावर ढकललंत!"

"मी तुला अक्षर शिकवलं," सयाजीराव पुटपुटले.

"होय, शिकवलंत," पिराजी म्हणाला. "त्याचीच चीड येते."

न्यायाधीशांनी तिथल्या तिथे कचेरीची झडती लावली. फाईल बाहेर गेलीच नव्हती. जुन्या दप्तरांच्या कापडी रुमालांच्या ढिगात, वीस वर्षांत कुणी न सोडलेल्या एका गाठोड्यात ती सापडली. आतल्या हुकुमात साहेबाच्या अक्षरात ते वाक्य होतं, 'स्टँड फास्ट'. खालचा अर्धा कागद फाटला होता. तो तुकडा आण्णाच्या अंगरख्याच्या बाहीत दुमडलेला, चावडीत ठेवलेल्या कपड्यांत निघाला. इतके दिवस तो तिथे होता आणि कुणी बाही उलगडून पाहिली नव्हती.

सयाजीरावांनी तो तुकडा पाहिला आणि ते खाली बसले.

७

गौसला दुपारी सोडलं. कोर्टाच्या आवारात त्याला बेडीशिवाय चालता येईना, पाय आखडले होते. मौलानं एका बाजूनं धरलं, झुंबरबाईनं दुसऱ्या. चार कारकून पिराजीच्या पाठीवर थापा मारायला आले. आता मुख्य खुर्ची तुझीच म्हणाले. पिराजीनं त्यांना असं झाडलं की पुन्हा कुणी जवळ आलं नाही.

इमामबी लेकाच्या तोंडावरून हात फिरवत होती. मग ती वळली आणि पिराजीकडे आली. तो नमस्कार करणार तेवढ्यात तिनं विचारलं,

"त्या वहीतलं पान कवाचं?"

"खून उघडकीला आला त्याच दिवशीचं, चाची."

"म्हंजे पयल्या दिशी कोर्टात त्यो भडवा घाई, घाई वाचत हुता, तवा तुमास्नी खरं ठावं हुतं."

"व्हय."

"तुमी हुतासा तिथं. माझा पोरगा वराडत हुता. तवा का गप बसलासा?"

मौला म्हणाला, "जाऊंद्या इमामबी, त्येनंच सोडवलं की."

"तू गप ऱ्हा! मी ह्येला इचारती." तिचे डोळे कोरडे होते आणि रागानं पेटले होते. "तीन हप्तं माझा पोरगा त्या अंधारात फाशीची वाट बघत हुता. ईदंला मी चूल प्येटवली न्हाय. तुमी रोज जेवत हुतासा. का गप बसलासा?"

पिराजीला कारणं सुचली. गुरू होते. संदर्भ म्हणाले. मी नवा. माझी भाषा कच्ची. एकेक कारण कोर्टात सहज खपलं असतं. तिच्यासमोर त्यातलं एकही तोंडातून निघेना.

"भ्यालो, चाची," तो म्हणाला. "नोकरी जाईल म्हणून भ्यालो."

माफ केलं असंही इमामबीनं म्हटलं नाही आणि शिवीही दिली नाही.

"आता समद्याची हकिकत लिवून द्यायची हाय न्हवं कोर्टाला? मग त्येबी लिवा त्येच्यात," ती म्हणाली, आणि लेकाला घेऊन फाटकाबाहेर गेली.

पिराजी कचेरीत परतला, बैठकीवर बसला आणि दौत उघडली. न्यायाधीशांनी हकिकत संध्याकाळपर्यंत मागितली होती. आण्णाचं, घड्याळाचं, अडसराचं तो नंतर लिहिणार होता. पहिलं वाक्य त्यानं लिहिलं, 'मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, मी भ्यालो आणि गप्प बसलो,' आणि त्याखाली स्वतःची सही केली.